निरोपाचा पोशाख

जानेवारी संपत आला की आमच्या तालुक्याच्या गावातल्या लेडीज टेलरच्या दुकानात शाळेच्या मुली दिसायला लागतात. एरवी तिथे लग्नाच्या घाईतल्या बायकांची गर्दी. या मुलींच्या हातातल्या पिशवीत आईचा ब्लाऊज असतो आणि सगळ्यांचं सांगणं एकच असतं: "काका, मला बसेल असा करून द्या. पण नंतर उसवता आला पाहिजे, आई घालते तो." काका ब्लाऊज उलटा करतात, शिवणीत माया किती आहे ते बघतात, खांद्याला, बाजूला आणि बाहीला लांब टाक्यांची टीप मारतात. समारंभ झाला की ब्लेडने ती टीप काढायची. ब्लाऊज पुन्हा आईच्या मापाचा होतो.

गेल्या जानेवारीत मी त्या दुकानात दोन दुपारी बसून होते. काका म्हणाले, या आठवड्यात नवं शिवायला कमीच येतं, नुसतं आवळून द्यायचं काम. एका मुलीने मावशीचा जरीकाठाचा ब्लाऊज आणला होता. त्याचं अस्तर इतकं विरलं होतं की टीप धरेना. काकांनी आतून दुसऱ्या कापडाची पट्टी लावली आणि पट्टीचे पैसे घेतले नाहीत. दुसरी एक मुलगी बराच वेळ दाराशी उभी होती. तिने काही आणलंच नव्हतं. ब्लाऊज भाड्याने मिळतो का, एवढंच तिला विचारायचं होतं. मिळत नव्हता.

तिच्याकडे बघताना मला माझी बाकावरची मैत्रीण आठवली. आमच्या दहावीच्या निरोप समारंभाच्या आधी शाळेच्या फळ्यावर सूचना लागली होती: मुलींनी साडी नेसून यावे, मुलांनी फॉर्मल कपडे घालावेत. ती त्या दिवशी आली नाही. ताप आहे, असा निरोप आला. तिच्या वाटणीचा पेढा आणि गुलाबाचं फूल मी तिच्या घरी नेऊन दिलं, तर ती अंगणात भांडी घासत होती. ताप नव्हता. मला ते दिसलं, पण तेव्हा कळलं नाही. पुष्कळ वर्षांनी, आम्ही दोघीही आया झाल्यावर, तिने सांगितलं. घरात धड साडी एकच होती आणि ती नेसून आई नात्यातल्या लग्नाला गेली होती. शेजारी मागायची लाज वाटली. आमच्या वर्गाच्या फोटोत ती नाही. त्या शाळेतली दहा वर्षं तिने एकही दिवस चुकवला नव्हता.

निरोपाच्या दिवशी मुलांनी काय घालावं, हे बहुतेक शाळांत शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता ठरतं. मागल्या वर्षी जे होतं तेच पुढे चालतं. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण त्या एका ओळीच्या सूचनेवर कुणी समारंभाला यायचं आणि कुणी घरी बसायचं हेही ठरून जातं. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडच्या या समारंभाची एक गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतल्या शाळेत बारावीचं वर्ष संपल्यावर पदवीदानासारखा सोहळा होतो. मूल व्यासपीठावर चढतं, हातात प्रमाणपत्र घेतं, उतरतं. आपल्याकडे दहावीचा निरोप परीक्षेच्या आधी होतो. बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणून निरोप जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. त्या दिवशी कुणी पास झालेलं नसतं. मिळालंच तर हॉल तिकीट मिळतं, एखादं पेन मिळतं, फूल मिळतं. गुणपत्रिका येते तेव्हा वर्ग पांगलेला असतो. समारंभात हातात धरायला कागद नाही, त्यामुळे "मी इथवर आले" हे सांगायचं काम अंगावरच्या कपड्यावर येऊन पडतं. मुली साडीसाठी जीव टाकतात तो नुसत्या नटण्यासाठी नाही. साडी नेसलेली मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा मोठी दिसते, आईला आणि स्वतःलाही. हे मी खोटं ठरवणार नाही. माझाही त्या दिवशीचा फोटो मी जपून ठेवला आहे.

गेल्या काही वर्षांत या चित्रात गाऊन आला. आधी शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत, मग सगळीकडे. सगळ्यात जास्त तो बालवाडीत आला. पाच वर्षांची मुलं काळ्या किंवा निळ्या सॅटिनच्या झग्यात रांगेने बसलेली असतात, डोक्यावर चौकोनी टोपी, ती पडू नये म्हणून हनुवटीखालून इलॅस्टिक. फोटोग्राफर एकेकाला खुर्चीवर बसवून हातात गुंडाळलेला कागद देतो. इलॅस्टिक रुततं म्हणून रडणारी मुलं मी पाहिली आहेत आणि रडणं थांबवून फोटो पुन्हा काढला जातानाही पाहिलं आहे. बालवाडीतून पहिलीत जाणाऱ्या मुलाला त्या झग्याची काही गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला त्या दिवशी नव्या वर्गाची ओळख करून द्यावी, हात धरून तिथल्या बाकावर बसवावं. पण दहावीच्या, बारावीच्या मुलाच्या गाऊनबद्दल मला इतक्या सहज निकाल देता येत नाही. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

गाऊन मुळात थंडीचा कपडा. मध्ययुगीन युरोपातली विद्यापीठं चर्चच्या छायेत वाढली. शिकणारे आणि शिकवणारे बहुतेक धर्मसेवेतले, इमारती दगडाच्या आणि शेकोटी नसलेल्या. अंगभर लांब झगा आणि डोक्यावर ओढायला टोपडं, ही गरज होती. १२२२ साली ऑक्सफर्डच्या धर्मसभेत आर्चबिशप स्टीफन लँगटन यांनी धर्मसेवकांसाठी समोरून बंद असलेला लांब झगा सक्तीचा केला. पुढे बाहेरच्या जगाने ते कपडे सोडले आणि विद्यापीठांनी धरून ठेवले. टोपडं मागे पाठीवर लोंबायला लागलं आणि विद्याशाखेचा रंग दाखवायच्या कामी आलं. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी १८९५ मध्ये एकत्र बसून गाऊनचा कट, बाह्या आणि रंग यांचे नियम ठरवले. तिथून तो शाळांपर्यंत उतरला.

आपल्याकडे तो १८५७ नंतर आला. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. मुंबईचे पहिले पदवीधर १८६२ चे. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांतले. फोर्टमधला सर कावसजी जहांगीर कॉन्व्होकेशन हॉल तेव्हा उभा राहायचा होता, तो १८७४ मध्ये पूर्ण झाला. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. इंग्लंडच्या हवेत घडलेली दगडी कल्पना इथल्या दमट किनाऱ्यावर उभी राहिली आणि तिच्याबरोबर लोकरीच्या देशातला झगाही. अंगात धोतर-अंगरखा, डोक्यावर पगडी, असे आपले जुने विद्वान आपण फोटोत पाहतो. त्या पोशाखावर बाहेरचा झगा चढवायचा हा प्रसंग या शहरात असा सुरू झाला.

त्याच काळात एका मराठी मुलीने पदवीच्या पोशाखाचा प्रश्न परक्या देशात, एकटीने सोडवला. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या भाषणात त्यांनी जाहीर सांगितलं होतं की माझा आहार, पोशाख, रीत मी बदलणार नाही. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत. तेव्हा त्या गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसू लागल्या. साडी राहिली, नेसणं बदललं. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आज जगभर पाहिला जातो. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघी विद्यार्थिनी त्यात आहेत: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली त्यांच्या देशाच्या पोशाखात. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या सोहळ्यासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. वर्ष संपायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आनंदीबाई गेल्या. मला त्यांच्या गोष्टीतलं नेसण्याचं हे छोटं प्रकरण फार मोलाचं वाटतं. थंडी वाजते म्हणून त्यांनी नेसणं बदललं, पण कुणी हसेल म्हणून बदललं नाही.

गाऊन नको, असं म्हणणारा आवाज आपल्याकडे जुना आहे. महात्मा गांधींनी १९२० मध्ये स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठात समारंभाचा पोशाख खादीचाच असतो. शांतिनिकेतनात पदवीदान आम्रकुंजात होतं आणि स्नातकाच्या हाती सप्तपर्णीची, म्हणजे आपल्या सातविणीची, डहाळी द्यायची तिथली परंपरा आहे. एका देठावर सात पानं. पदवीच्या कागदाआधी झाडाची खूण हातात यावी, ही रवींद्रनाथांच्या संस्थेची रीत मला सगळ्या झगा-टोप्यांहून सुंदर वाटते.

अलीकडचा वाद २०१० च्या एप्रिलचा. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या समारंभात त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच गाऊन उतरवला आणि वसाहतकाळाचा हा अवशेष आपण का बाळगतो, असा सवाल केला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये विद्यापीठांना पत्रं पाठवून समारंभाचे पोशाख हातमागाच्या कापडाचे करावेत, असं सुचवलं. ठिकठिकाणी गाऊनच्या जागी उपरणी आली. पण गाऊन काढला म्हणजे प्रश्न मिटला असं होत नाही. २०१९ च्या जानेवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात पुणेरी पगडी आली, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी फुले पगडीची मागणी करत निषेध केला. सावित्रीबाईंचं नाव असलेल्या विद्यापीठात डोक्यावर कुणाची पगडी असावी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. 'आपला पारंपरिक पोशाख' म्हटलं की पुढे लगेच विचारावं लागतं, आपला म्हणजे कुणाचा?

याच ठिकाणी मी अडखळते. आमच्या भागात एका घरी गेले होते. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर, घरातल्या मुलीचा गाऊनमधला फोटो. घराण्यातली पहिली पदवीधर. तिचे वडील हमाली करतात. मी गाऊनबद्दल लिहिते आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "ताई, त्या झग्यात माझी पोरगी कुणाची आहे ते कळत नाही. नुसती शिकलेली आहे एवढंच कळतं."

या वाक्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं होतं की ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते टाकून द्या, नीटनेटकं, पायघोळ नेसा. तिथल्या बायकांनी लगेच नेसणं बदललं, अशी त्या परिषदेची हकिकत आहे. ज्यांना कपड्यावरून ओळखून शतकानुशतकं दूर उभं केलं गेलं, त्यांच्यासाठी सगळ्यांच्या अंगावर सारखा असलेला झगा ही गुलामीची खूण कशी म्हणायची? कोलंबिया विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी बाबासाहेबांना मानद डॉक्टरेट दिली. त्यांचे गाऊनमधले फोटो आज हजारो घरांत आहेत, ते त्या घरांनी मुद्दाम निवडलेले आहेत. म्हणून "गाऊन फेका" असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहू शकत नाही. दिल्लीतल्या किंवा पुण्यातल्या पाचव्या पिढीच्या पदवीधराला तो ओझं वाटत असेल. पहिल्या पिढीला त्याची ऊब लागते.

झग्याखाली सगळे सारखे दिसतात, हा युक्तिवाद खुद्द ऑक्सफर्डमध्येही झाला. परीक्षेला काळा सूट, पांढरा शर्ट आणि वर गाऊन घालायची तिथली सक्ती काढावी का, यावर विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये मतदान केलं. तीन चतुर्थांशांहून अधिक मतं पोशाख ठेवण्याच्या बाजूने पडली. पण सारखेपणाची दुसरी बाजू अमेरिकेतल्या शाळांत दिसते. तिथल्या आदिवासी मुलांच्या घरी शिक्षण पूर्ण केलेल्या मुलाला गरुडाचं पीस देतात. ते टोपीला लावून समारंभाला आलेल्या मुलांना शाळांनी अडवलं, पिसं काढून ठेवायला लावली, प्रकरणं कोर्टात गेली. शेवटी मोंटाना राज्याने २०१७ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदे करून, आपल्या समाजाची आणि धर्माची खूण अंगावर घालायचा मुलांचा हक्क मान्य केला. सगळ्यांना एक झगा द्यावा हे खरं, पण आजीने दिलेलं पीस त्यावर लावू द्यावं, हेही तितकंच खरं. मराठी कुटुंबांतल्या तिथल्या मुलींना गाऊनखाली आजीची साडी नेसावीशी वाटली, तर ती याच हक्कातली गोष्ट आहे.

जपानी शाळांनी सगळ्यात साधं उत्तर शोधलं. तिथे मार्चमध्ये निरोपाचा समारंभ अतिशय औपचारिक होतो, एकेकाचं नाव पुकारलं जातं, आणि बहुतेक शाळांत मुलं त्यांचा रोजचा गणवेशच घालून येतात, शेवटचा म्हणून. मुलाच्या कोटाचं वरून दुसरं बटण, काळजाच्या जवळचं म्हणून, मैत्रिणीने मागून घ्यायची तिथे रीत आहे. गणवेश हाच सणाचा कपडा, कारण तोच घालून ती मुलं वाढली.

हे सगळं पाहून मी पुन्हा आमच्या तालुक्यात येते. इथे मुख्याध्यापकांनी काय करावं?

पहिली गोष्ट, निरोपाच्या दिवसासाठी मुलाला घरून काहीही नवं आणायला सांगू नये. साडी नाही, ब्लेझर नाही, गाऊनचं भाडं नाही. "सक्ती नाही, ज्यांना जमेल त्यांनी" असंही म्हणू नये. तसं म्हटलं की ज्याला जमत नाही तो वेगळा दिसतो आणि त्याच दिवशी त्याला ताप येतो. आश्रमशाळांतल्या मुलींचा विचार करा. त्यांचं घर पाड्यावर, डोंगरापलीकडे. आईचं कपाटच जवळ नाही, असलं तर त्यात साडी आहे की नाही हाही प्रश्न. त्यांना साडीची सूचना देणं म्हणजे कुणाकडे तरी हात पसरायला लावणं.

मग घालायचं काय? शाळेचा गणवेश, आणि त्यावर शाळेने दिलेलं उपरणं. माझं उत्तर एवढंच आहे. गणवेश सगळ्यांकडे असतो असं आपण धरून चालतो, तिथेही एक अडचण आहे ती सांगते. सरकारी योजनेतला मोफत गणवेश आठवीपर्यंतच मिळतो. नववीत घेतलेली पँट दहावीच्या जानेवारीत घोट्याच्या वर गेलेली असते, शर्टाची कॉलर विरलेली असते. वर्गशिक्षकांना ही मुलं ठाऊक असतात. डिसेंबरमध्येच, गाजावाजा न करता, त्यांची शिवण उसवून लांबी वाढवून द्यावी किंवा एक जोड शिवून द्यावा. आमच्या टेलरकाकांसारखी माणसं प्रत्येक गावात आहेत, त्यांना सांगितलं तर ती करतील.

आणि उपरणं मागाचं असावं. महाराष्ट्रात विणकर अजून आहेत. नागपूर-भंडाऱ्याकडे करवतकाठी विणणारे हात आहेत, पैठण-येवल्याला पैठणीचे माग आहेत, सोलापूर-कोल्हापूरकडे घोंगडी विणणारे धनगर आहेत. यातल्या प्रत्येकाचं काम उपरण्याचं नाही, पण साधं सुती उपरणं, दोन बाजूंना शाळेच्या रंगाचा काठ, हे कुठल्याही सुती मागाला जमण्यासारखं काम आहे. गोव्यातल्या शाळांना तर दूर बघायलाच नको. तांबड्या चौकड्यांचं कुणबी कापड त्यांच्या घरचं आहे. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते जगापुढे मांडलं, आता शाळांनी ते मुलांच्या खांद्यावर घालावं. माग विणायला वेळ घेतो, हे मात्र ध्यानात ठेवावं लागेल. एकदा ताणा लावला की त्यावर पुष्कळ नग निघतात, पण ताणा लावणं हेच मोठं काम. जानेवारीत हवं असेल तर दिवाळीची सुट्टी संपताच सांगावं लागतं. पैसे अगदीच कमी असतील तर यंत्रमागाचं सुती कापड घ्यावं. पॉलिएस्टर नको. उन्हात तासभर बसायचं असतं आणि मंडपाखालची हवा कोंडते. सुती उपरणं घरी जातं, पुढे वडिलांच्या खांद्यावर येतं, आजीच्या डोक्यावर येतं, बाळाच्या झोळीत येतं. गाऊन परत दुकानात जातो.

मुलांना उपरणं घालायचं कुणी, हेही ठरवावं. प्रमुख पाहुण्यांनी घालू नये. त्यांना त्या मुलाचं नावही माहीत नसतं. वर्गशिक्षिकेने घालावं, आणि घालताना नाव घेऊन एक वाक्य बोलावं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी, घंटा देणाऱ्या शिपाईकाकांनी काही मुलांना घातलं तर आणखी चांगलं. ज्या मुलीला डोक्यावर स्कार्फ घ्यायचा आहे तिने घ्यावा, ज्याच्या डोक्यावर पगडी आहे त्याची पगडी राहावी. पाड्यावरच्या मुलाला त्याच्या समाजाची माळ किंवा फेटा घालावासा वाटला, तर त्याला दारात अडवू नये, पुढच्या रांगेत बसवावं. एखादं मूल व्हीलचेअरवर असेल तर उपरण्याची टोकं चाकात जाणार नाहीत इतकं आखूड ठेवावं आणि व्यासपीठालाच उतार करावा. मुलाला खाली ठेवून वरून टाळ्या वाजवू नयेत.

ज्या शाळा गाऊन वापरतात त्यांनी तो टाकलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. शाळेने गाऊनचा एक संच विकत घेऊन ठेवावा, सुती किंवा पातळ कापडाचा, दरवर्षी धुऊन इस्त्री करून तोच वापरावा आणि मुलांकडून एक रुपया घेऊ नये. भाड्याने आणून पैसे पालकांकडून वसूल करायचे असतील तर मात्र तो नको.

राहिली साडी. मुलींना साडी नेसायची असते आणि तो आनंद कुणी काढून घेऊ नये. पण तो औपचारिक समारंभाशी बांधू नये. शेवटच्या आठवड्यात एखादा दिवस साडीचा ठेवावा, मुलांनाही धोतर-कुडता किंवा हवं ते घालू द्यावं. आणि शाळेत एक कपाट ठेवावं. बाईंनी, माजी विद्यार्थिनींनी, गावातल्या बायकांनी एकेक साडी, दोन-तीन मापांचे ब्लाऊज, परकर त्यात आणून ठेवावेत. त्या दिवशी सकाळी एका वर्गाला पडदे लावावेत, पिनांचा डबा ठेवावा, सगळ्याच मुलींनी कपाटातलीच साडी घ्यायची असा नियम करावा. म्हणजे कुणाची कुठली हे कळत नाही. साडी नेसवता नेसवता बाई निऱ्या घालायला शिकवतात, ते शिकणंही त्या दिवसाचंच. आमच्या भागातल्या एका शाळेत असं कपाट सुरू झालं आहे. मी त्यात माझी दहावीच्या दिवशीची, आईची, मोरपंखी साडी ठेवली आहे.

मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "त्यात लहान मापाचा ब्लाऊज आहे ना? आम्ही सगळ्या तेव्हा किती बारीक होतो." मग तिनेच दोन शिवून दिले.

 दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या की पालक-शिक्षक संघाची बैठक होईल, स्नेहसंमेलनाचा विषय निघेल, सहलीचा निघेल. त्या बैठकीला जा आणि निरोपाच्या पोशाखाचा विषय तुम्ही काढा. उपरण्यांसाठी विणकराला सांगायला तेव्हा थोडेच आठवडे हातात असतील. आणि तुमच्या शाळेत फळ्यावर सूचना आधीच लागली असेल, तर वर्गशिक्षकांना एवढंच विचारा: गेल्या वर्षी निरोपाच्या दिवशी कोण आलं नव्हतं? नावं लिहून घ्या आणि त्या घरी जाऊन या.